३०१ : मुक्काम कायमचा हलविला आहे

१/
ब्राझीलमध्ये ॲमेझॉन नदीच्या काठी ओबिदोस नावाचे गाव आहे. त्या अफाट नदीचे पात्र येथे आवळले जाते आणि पाण्याला वेग येतो. जेफ बेझोस यांचे पुस्तकांचे ऑनलाइन दुकान जुलै १९९५ मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्या सुरुवातीच्या काळात पाने जुळवून ग्राहकापुढे मांडणाऱ्या सॉफ्टवेअरला याच गावाचे नाव दिलेले होते. दुकानाचे नावच नदीवरून घेतलेले, तेव्हा ही हौस समजण्याजोगी आहे. मात्र ते नाव कचेरीच्या चार भिंतींत राहिले नाही. दुकानातील प्रत्येक पुस्तकाच्या पत्त्यात ते शिरले : आधी ‘एक्झेक’, मग ‘ओबिदोस’, मग ‘एएसआयएन’ आणि शेवटी त्या पुस्तकाचा दहा अक्षरी क्रमांक.

२/
जुलै १९९६ मध्ये या दुकानाने कमिशनची एक योजना सुरू केली. कोणीही आपल्या पानावर एखाद्या पुस्तकाचा दुवा द्यावा; त्या दुव्यावरून गिऱ्हाईक आले आणि पुस्तक विकले गेले, तर दुवा देणाऱ्याला वाटा मिळावा. पाहता पाहता असंख्य परक्या लोकांच्या पानांवर ‘ओबिदोस’ असलेले पत्ते पसरले. पुढे ते सॉफ्टवेअर जुने झाले. त्याची जागा ‘गुरुपा’ने घेतली (हेही ॲमेझॉनकाठचेच गाव) आणि पत्त्यांत ‘जीपी’, ‘डीपी’ अशी अक्षरे आली. ओबिदोस निवृत्त झाले, पण त्याच्या नावाने येणारे गिऱ्हाईक थांबले नाही. जुन्या दुव्यावर टिचकी मारली की दुकान त्याला मुकाट्याने नव्या पत्त्यावर नेऊन सोडीत असे.

३/
ऑनलाइन दुकानाने आपल्या पानांचे पत्ते बदलले, तर शोधयंत्रातील त्याचे स्थान टिकवायचे कसे? आज हा प्रश्न तंत्रज्ञांच्या खात्यात जमा केला जातो. वास्तविक त्यामागे तीन दशकांचा इतिहास आहे, आणि तो इतिहास माहीत नसल्यामुळे चालत्या दुकानांचे गिऱ्हाईक आजही एका रात्रीत तुटते.

४/
प्रारंभ जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत झाला. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये आपला प्रस्ताव मांडला आणि १९९० च्या अखेरीस पहिला सर्व्हर व पहिला ब्राउझर चालू केला. त्यांच्या रचनेत एक धाडसी निर्णय होता. दुवा एकेरी ठेवलेला होता. कोणीही कोणाच्याही पानाकडे बोट दाखवावे, परवानगी नको, नोंदणी नको. टेड नेल्सन यांनी १९६० पासून ज्या ‘झनाडू’चे स्वप्न पाहिले होते, त्यात दुवा दुहेरी होता, दोन्ही टोकांना एकमेकांची खबर असणार होती. झनाडू कागदावरून फारसे पुढे सरकले नाही. एकेरी दुव्याचे जाळे मात्र जगभर पसरले.

५/
या सोपेपणाची किंमत अशी की आपल्याकडे कोण कोण बोट दाखवीत आहे, हे पानाला कळत नाही. घर बदलले तर आप्तेष्टांना पत्रे टाकता येतात. येथे आप्तेष्ट कोण, तेच अज्ञात. मग एकच उपाय उरतो : जुन्या दारावर नव्या पत्त्याची पाटी लावणे.

६/
ती पाटी म्हणजे ३०१.

७/
एचटीटीपी या नियमावलीच्या अगदी पहिल्या रूपात असे सांकेतिक आकडे नव्हतेच. मागितलेले पान मिळे, किंवा मिळत नसे. १९९२ च्या मसुद्यांत आकडे आले आणि मे १९९६ मध्ये बर्नर्स-ली, रॉय फील्डिंग व हेन्रिक फ्रिस्टिक यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या दस्तऐवजात त्यांचे अर्थ नीट मांडले गेले. ३०१ म्हणजे मुक्काम कायमचा हलविला आहे. ३०२ म्हणजे तात्पुरता हलविला आहे. ४०४ म्हणजे पान सापडले नाही. हा एकच आकडा सामान्य माणसाच्या ओळखीचा झाला.

८/
त्या दस्तऐवजातील ३०१ चे कलम वाचताना एक बारकावा लक्ष वेधून घेतो. ज्या साधनांना दुवे संपादित करता येतात, त्यांनी ३०१ मिळताच आपल्याजवळचा जुना दुवा स्वतःहून सुधारून घ्यावा, अशी अपेक्षा तेथे नोंदविलेली आहे. बर्नर्स-ली यांचा पहिला ब्राउझर वाचण्याचे आणि लिहिण्याचे, अशी दोन्ही कामे करीत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे ही अपेक्षा भाबडी वाटत नाही. पाटी काही दिवस राहील, सारे जण आपापल्या वह्यांत नवा पत्ता उतरवून घेतील आणि मग पाटी काढता येईल, असा तो हिशेब होता. पुढच्या ब्राउझरांनी लेखणी टाकून दिली. ते केवळ वाचण्याचे साधन झाले आणि जुने दुवे जेथल्या तेथे राहिले. पाटी काढण्याचा दिवस काही आला नाही.

९/
१९९८ या वर्षात दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे बर्नर्स-ली यांनी पत्त्यांच्या स्थैर्यावर एक छोटा लेख लिहिला. त्याचा आशय असा : पत्ता आपोआप बदलत नाही, माणसे तो बदलतात, म्हणून जे बदलणारच आहे ते पत्त्यात घालू नये. लेखकाचे नाव नको, विषयाचे वर्गीकरण नको, फाइलचे शेपूट नको, आणि पान तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरची खूण तर नकोच. ‘ओबिदोस’ हे या शेवटच्या दोषाचे उत्तम उदाहरण ठरावे.

१०/
दुसरी घटना ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनची. एप्रिल १९९८ मध्ये तेथे भरलेल्या परिषदेत सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी एका शोधयंत्राची रचना मांडली. तिच्या मुळाशी ‘पेजरँक’ ही कल्पना होती. शास्त्रीय निबंधाचे वजन त्याचा हवाला कितींनी आणि कोणी दिला यावरून जोखण्याची प्रथा जुनी आहे. तोच न्याय पानांना लावायचा. ज्या पानाकडे वजनदार पाने दुवा देतात, ते पान वजनदार. हिशेबात एक घसारा धरलेला होता, साधारणपणे ०.८५ चा. दुवे चाळत जाणारा कल्पित वाचक प्रत्येक टप्प्यावर कंटाळून दुसरीकडे उडी मारू शकतो, असे त्यामागे गृहीत होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गूगल ही कंपनी स्थापन झाली.

११/
येथून पत्त्याचा अर्थच बदलला. तोवर पत्ता म्हणजे पानापर्यंत जाण्याची वाट. आता पत्ता हे पत मोजण्याचे खाते झाले. परक्यांनी दिलेले दुवे त्या खात्यात जमा होत राहिले, तेही मालकाच्या नकळत. दुकानदाराने पान हलवून पत्ता बदलला, की माल नव्या जागी आणि पत जुन्या खात्यात, अशी अवस्था होई. जुन्या दारावर ३०१ ची पाटी असेल, तर शोधयंत्र ती पत नव्या खात्यावर वळती करू शके. पाटी नसेल, तर ४०४ पाहून ते जुने खाते यथावकाश बंद करी. नवे पान मग काल उघडलेल्या दुकानासारखे रांगेत शेवटी उभे राही.

१२/
डिसेंबर २००० मध्ये गूगलने ब्राउझरसाठी आपली पट्टी आणली. तिच्यावर प्रत्येक पानाची पत ० ते १० या मापात उघड दिसू लागली. पतीचा आकडा दिसू लागला की तिची चोरीही सुरू होते. २००४-०५ च्या सुमारास ३०२ चा गैरवापर गाजला. कोणी लबाड आपल्या पत्त्यावरून दुसऱ्याच्या पानाकडे ‘तात्पुरते’ वळण देई. तात्पुरते म्हटल्यावर मूळ पत्ता हाच खरा, असे समजून शोधयंत्र कधीकधी त्या लबाडाचाच पत्ता निकालांत दाखवी आणि खरा मालक अदृश्य होई. ३०१ आणि ३०२ यांतला फरक पाठ्यपुस्तकी नाही, हे अनेक दुकानदारांना त्या काळात समजले. आपलेच पान कायमचे हलवून चुकून ३०२ लावणारेही पुष्कळ होते. शोधयंत्र बिचारे जुन्या पत्त्यावर मालक परत येण्याची वाट पाहत बसे.

१३/
या ठिकाणी थोडे आडवळण. १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतीय टपाल खात्याने पिन कोड लागू केला. त्याचे शिल्पकार श्रीराम भिकाजी वेलणकर हे कोकणातले, आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिप्या, अनेक उच्चार, यांतून पत्र अचूक पोहोचावे म्हणून त्यांनी नावापासून वेगळा असा सहा आकड्यांचा क्रमांक दिला. १९९५ मध्ये बॉम्बेचे अधिकृत नाव मुंबई झाले. ४००००१ हे ४००००१च राहिले. ॲमेझॉनच्या पत्त्यातील दहा अक्षरी क्रमांकाचे काम हेच होते. पुस्तकांच्या बाबतीत तर तो बहुधा त्यांचा दहा अंकी आयएसबीएनच असे. भोवतीचे ‘ओबिदोस’ गेले, ‘डीपी’ आले, क्रमांक तोच. जुन्या पत्त्यातून क्रमांक उचलून नवा पत्ता जुळविणे यंत्राला त्यामुळे सोपे होते. ज्या दुकानांच्या पत्त्यांत असा न बदलणारा भाग नव्हता, त्यांना एकेका पानाची जोडी हाताने लावावी लागली.

१४/
सुरुवातीच्या बहुतेक दुकानांचे पत्ते प्रश्नचिन्हांनी आणि आकड्यांनी भरलेले असत. ग्राहकागणिक वेगळी खूण जोडली जाई आणि एकच वस्तू अनेक पत्त्यांवर दिसे. हे पत्ते सुधारण्याचे हत्यार राल्फ एंगेलशाल यांनी एप्रिल १९९६ मध्ये लिहिले आणि जुलै १९९७ मध्ये अपाची सर्व्हरच्या गटाला देऊन टाकले : मॉड-रीराइट. त्याच्या आज्ञा वाचणे म्हणजे मोडी वाचण्यापेक्षा कठीण, पण दोन ओळींत शेकडो पत्त्यांना वळण लावता येई. फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून आणखी एक सोय केली. ‘कॅनॉनिकल’ ही खूण पानावर लावून, अनेक पत्त्यांपैकी प्रमाण पत्ता कोणता, हे पानाने स्वतःच सांगावे. तीन स्पर्धकांनी एका गोष्टीवर एकमत करावे, यावरून गोंधळाची कल्पना यावी.

१५/
३०१ ने पत पूर्ण वळती होते की वाटेत गळते? या वादात जवळजवळ सहा वर्षे गेली. मार्च २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखतीच्या निमित्ताने गूगलचे मॅट कट्स यांनी काही गळती होते, असे मान्य केले. २०१३ मध्ये त्यांनीच खुलासा केला की साध्या दुव्यातून जेवढी गळते तेवढीच ३०१ मधून गळते. लोकांनी ०.८५ चा जुना घसारा आठवून ‘पंधरा टक्के’ हा आकडा पक्का केला, आणि तो वर्षानुवर्षे सांगोवांगी चालू राहिला. जुलै २०१६ मध्ये गूगलचे गॅरी इल्येश यांनी जाहीर केले की या प्रकारच्या कोणत्याही वळणात आता पेजरँक गमावला जात नाही. गंमत अशी की पट्टीवरचा तो ० ते १० चा आकडा त्याच वर्षी सार्वजनिक दृष्टीतून काढून घेण्यात आला होता. हिशेब चोख झाला तेव्हा खातेवही बंद झालेली होती.

१६/
दरम्यान गूगलनेच साऱ्या जगाला घर बदलायला लावले होते. ऑगस्ट २०१४ मध्ये त्याने सांगितले की एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, हा क्रमवारीतला एक हलका निकष असेल. एस हे एकच अक्षर वाढते, पण यंत्राच्या दृष्टीने तो निराळाच पत्ता. प्रत्येक दुकानाचे प्रत्येक पान त्या दिवसापासून स्थलांतराच्या यादीत गेले. पत गळण्याची भीती कायम ठेवून हे स्थलांतर घडणे अवघड होते. २०१६ ची घोषणा त्या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे.

१७/
दुकानदारांच्या दृष्टीने सर्वांत मोठी परीक्षा मात्र २०२० मध्ये आली. मजेंटो हे दुकान चालविण्याचे सॉफ्टवेअर २००८ मध्ये आले होते आणि जगभर वापरले जात होते. त्याच्या पहिल्या पिढीचा आधार ३० जून २०२० रोजी संपला. टाळेबंदीचे दिवस. अनेकांचे रस्त्यावरचे दुकान बंद, विक्रीची एकमेव खिडकी म्हणजे संकेतस्थळ, आणि नेमके त्याच वेळी त्या खिडकीची चौकट बदलायची.

१८/
उदाहरणादाखल पैठण्या विकणारे एक दुकान कल्पू. मजेंटोच्या नेहमीच्या घडणीत त्याच्या मोरपंखी पैठणीच्या पत्त्यात वर्गाचे नाव, वस्तूचे नाव आणि शेवटी ‘डॉट एचटीएमएल’ हे शेपूट असे. मालक शॉपिफायकडे वळला, तर तेथे प्रत्येक वस्तूच्या पत्त्यात आधी ‘प्रॉडक्ट्स’ हा शब्द येतो आणि तो बदलण्याची मुभा नसते. म्हणजे मालकाची इच्छा असो वा नसो, एकूण एक पत्ता बदलणार. वर्गीकरण, शेपूट, सॉफ्टवेअरची खूण : बर्नर्स-ली यांनी बावीस वर्षांपूर्वी जे टाळायला सांगितले, तेच नेमके जुन्या पत्त्यात होते आणि त्यातलेच काही नव्यातही आहे.

१९/
अशा वेळी जाणती माणसे दुकान हलविण्याच्या आधी एक दोन रकान्यांची यादी करीत. डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा. डावा रकाना भरण्यासाठी सारी दफ्तरे धुंडाळावी लागतात : संकेतस्थळाचा नकाशा म्हणजे साइटमॅप, सर्व्हरवर रोज नोंदल्या जाणाऱ्या भेटी, गूगलच्या सर्च कन्सोलमधील पाने, आणि बाहेरून दुवे मिळालेली सारी पाने. शेवटचा गट फार महत्त्वाचा, कारण चार वर्षांपूर्वी संपलेल्या एखाद्या नक्षीच्या पानाकडे एखाद्या वृत्तपत्राच्या लेखातून दुवा असू शकतो. मालकाच्या यादीत ते पान नसते. पत त्याच पानाच्या नावावर असते.

२०/
उजवा रकाना भरताना मोह होतो की सारे जुने पत्ते एकदम मुखपृष्ठाकडे वळवून मोकळे व्हावे. या चुकीने जेवढी दुकाने बसली असतील, तेवढी दुसऱ्या कशाने क्वचितच. मोरपंखी पैठणी शोधत आलेल्या गिऱ्हाइकाला दुकानाच्या उंबरठ्यावर सोडून दिले, तर ते परत फिरते. शोधयंत्रही अशा असंबद्ध वळणाला पान नसल्याप्रमाणेच वागविते. ‘सॉफ्ट ४०४’ हे त्याचे नाव. पैठणीला पैठणीच हवी. ती नक्षी बंद झाली असेल, तर तिच्या सर्वांत जवळची. तशी काहीच नसेल, तर स्पष्ट ४०४ किंवा ४१० द्यावे. ‘ही वस्तू आता नाही’ असे सांगणारे ते प्रामाणिक उत्तर आहे.

२१/
दुसरी चूक साखळीची. २०१४ मध्ये एक वळण, एचटीटीपीएसच्या वेळी दुसरे, २०२० मध्ये तिसरे. गिऱ्हाईक तीन दारे ओलांडून पोहोचते. गूगलचा यांत्रिक वाचक दहा टप्पे सोशीत असला, तरी प्रत्येक टप्प्याला वेळ लागतो. सर्वांत जुन्या पत्त्याची पाटीदेखील थेट आजच्या दाराकडे रोखलेली हवी. दुकानातील आतले दुवे, प्रमाण पत्त्याची खूण आणि नवा साइटमॅप यांतही नवे पत्तेच हवेत.

२२/
तिसरी चूक अतिशहाण्यांची. जुने पत्ते आता कामाचे नाहीत म्हणून रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये (हा संकेत १९९४ चा, मार्टिन कोस्टर यांचा) त्यांना बंदी घातली जाते. यंत्राला जुन्या दाराशी फिरकूच दिले नाही, तर दारावरची पाटी ते वाचणार कसे?

२३/
पाट्या नीट लागल्या, तरी मध्यम आकाराच्या संकेतस्थळाची बहुतेक पाने नव्या पत्त्यांवर सरकायला काही आठवडे जातात. या काळात जुने-नवे पत्ते निकालांत मिसळून दिसतात, क्रमवारी वरखाली होते. घाबरून मध्येच पुन्हा पत्ते बदलणारा मालक यंत्राला नव्याने प्रवासाला लावतो.

२४/
इतिहासाच्या अभ्यासकाला दुकानांचे काय, असे कोणाला वाटेल. पण पुसलेली पाटी दुकानाची असो वा न्यायालयाची, परिणाम सारखाच. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्वर्डमधील एका अभ्यासात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतील दुवे तपासले, तेव्हा सुमारे निम्म्या दुव्यांवर मूळ मजकूर उरलेला नव्हता. प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये दाखवून दिले की २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दशकभरानंतर उघडत नव्हती. यांतली सगळीच नष्ट झाली असतील असे नाही. काही केवळ पाटी न लावता हलली असतील. जुन्या दुकानांच्या याद्यांतून कोणत्या काळी कोणते कापड, कोणते पुस्तक काय भावाने विकले जात होते हे कळते. पेशवे दफ्तरातील जमाखर्चावर उभे राहिलेले संशोधन आठवले, तर या याद्यांचे मोल वेगळे सांगायला नको.

२५/
पाटी किती दिवस ठेवावी? गूगलची शिफारस किमान एक वर्षाची आहे, आणि शक्य तितकी अधिक. एका वर्षात यंत्राच्या वहीतली नोंद बदलते. माणसांच्या वह्यांतली बदलत नाही. १९९७ च्या एखाद्या छापील पुस्तकाच्या तळटिपेत ‘ओबिदोस’ असलेला पत्ता असेल, तर तो शाईचा आहे. त्यावर ३०१ चा काही परिणाम होणार नाही.

२६/
बर्नर्स-ली यांचा १९९८ चा तो लेख आजही डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेच्या संकेतस्थळावर जुन्याच पत्त्यावर वाचता येतो. पत्त्यात वर्ष नाही, फाइलचे शेपूट नाही. आरंभीच्या एचटीटीपीला तेवढा एक एस जोडला गेला आहे.